मरुभूमीतील मोटार आणि पाण्याचा हिशेब : लिबियाच्या वाळवंटातील एक प्रकरण (१९१६–१९४२)

मोटारीचा इतिहास बहुधा वेग, अश्वशक्ती आणि उत्पादनसंख्या या तीन अंगांनी लिहिला जातो. युरोप आणि अमेरिका येथील समशीतोष्ण हवेत घडलेल्या इतिहासाला ही मांडणी पुरेशीही ठरते. परंतु हेच यंत्र अतिउष्ण प्रदेशात गेले म्हणजे त्याच्या यशापयशाचे माप बदलते. इंजिन किती शक्ती देते यापेक्षा ते किती पाणी पिते हा प्रश्न तेथे निर्णायक होतो. कारण ज्या पिंपातून इंजिनाला पाणी घालावयाचे, त्याच पिंपावर माणसांचाही जीव अवलंबून असतो. इजिप्त व लिबिया यांच्या सीमेवरील वाळवंटात १९१६ ते १९४२ या काळात मोटारीचा जो वापर झाला, त्यावरून हे विधान तपासून पाहता येते.

प्रथम उष्ण हवेचा इंजिनावर नेमका कोणता परिणाम होतो, हे स्पष्ट करणे अवश्य आहे. परिणाम मुख्यतः दोन आहेत आणि ते परस्परांहून भिन्न आहेत. पहिला परिणाम शक्तीवर होतो. हवा तापली की विरळ होते. समुद्रसपाटीच्या दाबाला १५ अंश सेल्सियस तपमानात एक घनमीटर हवेचे वस्तुमान १.२२५ किलोग्रॅम असते. ४५ अंशांना ते सुमारे १.११ किलोग्रॅम भरते. सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचे आकारमान ठरलेले असल्यामुळे ज्वलनास मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे ९ टक्क्यांनी, घटतो व शक्तीही जवळपास तितकीच उणावते. दुसरा परिणाम शीतनावर होतो. रेडिएटरमधून हवेत जाणारी उष्णता पाणी व हवा यांच्या तपमानांतील अंतरावर अवलंबून असते. पाणी १०० अंशांना उकळते असे धरले, तर हवा २० अंशांवर असताना हे अंतर ८० अंशांचे असते. हवा ४५ अंशांवर गेली की ते ५५ अंशांवर येते. अर्थात त्याच रेडिएटरची उष्णता टाकण्याची क्षमता जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटते. पहिल्या परिणामाने मोटार मंद होते. दुसऱ्याने ती थांबते. यांखेरीज पेट्रोलची नळीतच वाफ होऊन पुरवठा तुटणे हाही एक उपद्रव आहे. परंतु प्रवासाचा पल्ला ठरविणारी गोष्ट होती ती दुसरीच.

वाळवंटाची भूमी या अडचणीत भरच घालते. भुसभुशीत वाळूत मोटार खालच्या गिअरमध्ये न्यावी लागते. इंजिन वेगाने फिरते, पण गाडी सावकाश सरकते. परिणामी उष्णता अधिक निर्माण होते आणि रेडिएटरवर समोरून येणारा वारा मात्र अल्प असतो. त्यातच वारा पाठीमागून आणि गाडीच्याच वेगाने वाहत असेल, तर रेडिएटरच्या दृष्टीने हवा जणू स्थिरच राहते व सारा भार पंख्यावर पडतो.

प्रारंभीच्या मोटारींत पाण्याची उधळपट्टी हा दोष मानला जात नव्हता. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत सिलिंडरभोवतीचे पाणी उकळून वाफेच्या रूपाने जात असे व नवे पाणी घालावे लागे. विल्हेल्म मायबाख यांनी १९००–०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर सिद्ध केला. त्यात सहा मिलिमीटर चौरस छेदाच्या ८,०७० नळ्या होत्या. हवा नळ्यांतून व पाणी त्यांच्या फटींतून वाहत असे. थोड्या पाण्यात मोठे इंजिन थंड ठेवण्याचा मार्ग त्यायोगे मोकळा झाला. पण ही सोय युरोपातील रस्त्यांच्या व हवेच्या हिशेबाने होती. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत आरंभीच्या सुमारे अडीच हजार गाड्यांनंतर पाण्याचा पंपही काढून टाकण्यात आला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व थंड पाणी खाली उतरते, एवढ्यावरच तिचे अभिसरण चाले. ही योजना स्वस्त व निर्धोक होती, परंतु तिला एक अट होती. रेडिएटरमधील पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की अभिसरण खंडित होई. म्हणजे पाणी उकळून थोडे जरी कमी झाले, तरी उरलेले पाणीही निरुपयोगी ठरे.

पहिल्या महायुद्धात सेनुसी पंथीयांविरुद्धच्या मोहिमेत ब्रिटिशांनी इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात मोटारी आणल्या. मार्च १९१६ मध्ये रोल्स-रॉइस चिलखती मोटारींच्या तुकडीने बीर हकीम येथील कैद्यांची सुटका केली. त्याच वर्षी ‘मॉडेल टी’ गाड्यांची हलकी गस्तपथके उभी राहिली. चिलखती मोटार भक्कम पण जड होती. फोर्ड गाडी अवघ्या वीस अश्वशक्तीची, पण वाळूवर हलकी होती. या अनुभवाचा लाभ युद्धानंतर भूगोलसंशोधकांना मिळाला. तथापि त्या काळचे सर्व शोध मोटारीचेच होते असे मात्र नव्हे. १९२३ साली अहमद हसनैन यांनी उवैनात पर्वताचा जो शोध लावला, तो उंटांच्या तांड्याबरोबर. तर १९२६ च्या सुमारास राजपुत्र कमाल अल्-दीन हुसेन यांनी गिल्फ केबीरच्या पठाराला नाव दिले, ते रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या सित्रोएन गाड्यांतून जाऊन. दाखला मरुद्यानापासून उवैनातपर्यंतचे अंतर सरळ रेषेतच सुमारे ५६० किलोमीटर आहे. एवढ्या टापूत इंजिनाला मुक्तहस्ताने पाणी देणे केवळ अशक्य होते.

या परिस्थितीत राल्फ बॅग्नोल्ड (१८९६–१९९०) या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याचे कार्य महत्त्वाचे ठरते. इजिप्तमध्ये नेमणूक असताना व पुढे रजेच्या काळात त्यांनी मित्रांसह, प्रथम ‘मॉडेल टी’ व नंतर ‘मॉडेल ए’ गाड्या घेऊन, खासगी मोहिमा काढल्या. १९३० व १९३२ च्या मोहिमांत दुर्लंघ्य समजला गेलेला महावालुकासागर व त्यापलीकडील प्रदेश त्यांनी तुडविला. त्यांच्या गाड्यांवर एक साधी योजना असे. रेडिएटरची इतर तोंडे बंद करून वरच्या भागातून एक नळी काढलेली असे, आणि ती गाडीच्या बाजूला बसविलेल्या, अर्धवट पाणी भरलेल्या डब्यात बुडविलेली असे. पाणी उकळले की वाफ डब्यातील पाण्यात जाऊन पुन्हा पाणी होई. डबाही उकळू लागला की गाडी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभी करीत. इंजिन निवताच रेडिएटरमध्ये निर्वात अवस्था निर्माण होऊन डब्यातील पाणी आपोआप परत ओढले जाई. सांधे गळके नसतील, तर अनेक दिवस नवे पाणी न घालता प्रवास करता येई.

या योजनेचे मर्म आकड्यांनीच नीट कळते. एक किलोग्रॅम पाणी ४५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापण्यास ५५ किलोकॅलरी उष्णता लागते. तेच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ होण्यास ५४० किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ दहापट. यावरून उकळणे ही शीतनाची विफलता नव्हे, तर ते शीतनाचे अत्यंत परिणामकारक साधन आहे, असे दिसून येते. हानी होते ती वाफ निसटल्यामुळे. मात्र वाफ अडविली की तिने आणलेली उष्णताही डब्यात येते. समजा, डब्यात पाच लिटर पाणी आहे. ते ४५ पासून १०० अंशांपर्यंत तापताना २७५ किलोकॅलरी, म्हणजे अवघ्या अर्ध्या लिटर पाण्याच्या वाफेची उष्णता, सामावून घेईल. त्यानंतर थांबण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून हा डबा इंजिनाची शीतनक्षमता वाढवीत होता असे म्हणणे यथार्थ होणार नाही. उष्णतेची फेड तो केवळ पुढे ढकलीत असे, आणि ती फेड मुक्कामाच्या वेळी, पाणी न गमावता, होत असे. पाण्याच्या ऐवजी काळ खर्च करण्याची ही युक्ती होती.

ही युक्ती बॅग्नोल्ड यांच्या नावाशी निगडित झाली असली, तरी तिला ‘शोध’ म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच. वाफ वेगळ्या पात्रात नेऊन तिचे पाणी करण्याची कल्पना जेम्स वॉट यांनी १७६५ साली वाफेच्या इंजिनासाठी योजिली होती. तिचे एकस्व १७६९ चे आहे. त्याहून जवळचे उदाहरण सैन्यातच होते. ब्रिटिश सैन्याने १९१२ साली स्वीकारलेल्या विकर्स मशीनगनच्या नळीभोवती पाण्याचे वेष्टन असे. गोळीबाराने ते उकळले की वाफ रबरी नळीने पाण्याच्या डब्यात सोडीत. यामुळे पाणी वाचे आणि वाफेच्या ढगाने शत्रूला ठिकाणही कळत नसे. १९१६ साली या वाळवंटात फिरलेल्या रोल्स-रॉइस चिलखती मोटारींवर हीच तोफ होती. म्हणजे एकाच गाडीत बंदुकीची वाफ जपून ठेवण्याची सोय होती. एकापासून दुसरे प्रत्यक्ष उद्भवले असा निष्कर्ष केवळ साम्यावरून काढणे योग्य नव्हे. परंतु तत्त्व नवे नव्हते. नवी होती ती त्याची निकड आणि त्यासाठी अंगी बाणविलेली शिस्त, एवढे निश्चित म्हणता येते.

या शिस्तीचे फळ दुसऱ्या महायुद्धात दिसले. बॅग्नोल्ड यांच्या सूचनेवरून जनरल वेव्हेल यांनी जुलै १९४० मध्ये जे पथक उभारण्यास संमती दिली, ते पुढे ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ म्हणून ओळखले गेले. त्याच्या शेव्हरोले व फोर्ड ट्रकांवर हेच वाफेचे डबे होते. सप्टेंबर १९४० मध्ये या तुकड्यांनी महावालुकासागर ओलांडला, आणि जानेवारी १९४१ मध्ये चाडमधील स्वतंत्र फ्रेंच सैनिकांसह दूरच्या मुर्झुक येथील इटालियन ठाण्यावर छापा घातला. १९४२ च्या उत्तरार्धात भारतीय घोडदळातून निवडलेली ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ ही तुकडीही या पथकाला जोडली गेली. इटालियन सेनेची भिस्त किनाऱ्यावर व विहिरींच्या ठाण्यांवर होती. दक्षिणेकडून मोठा धोका संभवत नाही ही तिची समजूत जलहीनतेवर आधारलेली होती. ती समजूत खोटी पाडण्यात सूर्य-होकायंत्राइतकाच या साध्या डब्याचाही वाटा आहे.

या प्रकरणाचे मूल्यमापन करताना दोन सावधगिरी बाळगल्या पाहिजेत. पहिली तपमानाच्या नोंदींविषयी. लिबियातील अल्-अझीझिया येथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंश सेल्सियस तपमान नोंदले गेले, असे पुष्कळ वर्षे ग्रंथांतरी लिहिले जात असे. परंतु जागतिक हवामान संघटनेने २०१२ साली ही नोंद अग्राह्य ठरविली. म्हणून येथे ४५ अंश हे मध्यम प्रमाण धरले आहे, आणि तेवढ्यानेही निष्कर्ष सिद्ध होतो. दुसरी सावधगिरी श्रेयाविषयी. १९१८ साली जॉन बॉल यांना अबू बल्लास येथे मातीच्या रांजणांचा मोठा साठा आढळला. दाखल्यापासून नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या प्राचीन इजिप्तमधील गाढवांच्या तांड्यांसाठी ठराविक टप्प्यांवर पाणी साठवीत असत, हे पुढील उत्खननांनी दाखवून दिले. मरुभूमीत पाण्याच्या हिशेबाने पल्ला आखण्याची विद्या अशी मोटारीच्या चार हजार वर्षे आधीची आहे.

पुढे रेडिएटर दाबाखाली बंद ठेवण्याची पद्धत रूढ झाली. वातावरणाच्या दाबाहून दर चौरस इंचास १५ पौंड अधिक दाब असता पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. त्यामुळे ४५ अंशांच्या हवेतही तपमानांतील अंतर ७५ अंशांचे राहते, म्हणजे उष्ण वाळवंटात युरोपची हवा आणल्यासारखेच होते. तापून बाहेर पडलेले पाणी थंड होताच परत घेणारी बाजूची टाकीही १९७० नंतरच्या काळात सर्रास दिसू लागली. विरळ हवेने होणारी शक्तीची घट मात्र साध्या इंजिनात आजही तशीच आहे. तिच्याशी मरुभूमीतील प्रवाशांनी भांडण मांडले नाही. थोडे सामान, सावकाश चाल व वेळीच थांबणे या मार्गांनी त्यांनी ती मान्य केली. शक्तीची उणीव सोसता येते, पाण्याची सोसता येत नाही, हा विवेक या इतिहासाच्या मुळाशी आहे. यंत्राचा इतिहास लिहिताना त्याने काय मिळविले याबरोबरच ते कशावर जगले, याचीही नोंद घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.