तुझं वय चोवीसच राहील

मॉस्कोत पोचल्यावर तुला आधी जाणवतो तो कोबीच्या सुपाचा वास. साल १९२५. मुलांच्या मानसोपचार विभागाला जोडलेली ही शाळा, आणि मुलं इथेच राहतात. तुझ्या हातात झाडू आहे, कारण चोवीस वर्षांच्या मुलीला इथे रुग्ण म्हणून जागा नाही. पुढेही तुझं वय चोवीसच राहील, बदलत जातील ती सालं. पुण्यातल्या तुझ्या खोलीत मोबाइलवर ऑटिझमची पन्नास प्रश्नांची चाचणी अर्धवट उघडी आहे. असू दे. कुणी पळवत नाही.

सुतारकामाच्या खोलीत एक मुलगा रंधा मारतोय. शेजारी कुणाच्या तरी हातून परात पडते आणि तो रंधा टाकून दोन्ही कान दाबून धरतो. त्याच क्षणी तुझेही खांदे कानापर्यंत वर गेलेले असतात. खिडकीशी उभी असलेली बाई आधी त्याच्याकडे पाहते, मग तुझ्याकडे. तिशी ओलांडलेली, कीव्हहून आलेली ही डॉक्टर म्हणजे ग्रुन्या येफिमोव्हना सुखारेवा. ती सहा मुलग्यांबद्दल लिहिते आहे. बोलणं पुस्तकी, हालचाली अवघडलेल्या, घोळक्यापेक्षा एकटं राहणं पसंत, एक विषय धरला की सोडायचा नाही, आवाज आणि वास सोसवत नाहीत. पुढच्या वर्षी हे जर्मनमध्ये छापून येईल आणि १९२७ साली ती मुलींबद्दलही लिहील. आवाज-वासाचा हा मुद्दा अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत निकषांत यायला २०१३ साल उजाडलं. तिचा मूळ लेख इंग्रजीत आला तोच १९९६ साली. मुलींबद्दलचं लिखाण तर त्याहूनही मागे राहिलं, आणि मला यात नुसता योगायोग दिसत नाही.

ती या प्रकाराला ऑटिझम म्हणत नाही. तो शब्द मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलरने १९११च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरला होता आणि अजून तिकडेच अडकलेला आहे. पण तुला इथे बरं वाटतं त्याचं कारण शब्द नव्हे. कुणाला घाई नाही. मुलं बराच काळ राहतात, त्यांच्याकडून कवायत, गाणं, चित्रं, लाकूडकाम करून घेतात, आणि एवढं सगळं पाहून झाल्यावर बाई लिहायला बसते. तुझी चाचणी दहा मिनिटांत संपते.

बॉल्टिमोरला फार थांबायचं नाही. १९३८ साल, जॉन्स हॉप्किन्स रुग्णालय. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्या टेबलावर मिसिसिपीहून आलेलं एक पत्र आहे, टाइप केलेली तेहतीस पानं. डोनाल्ड नावाच्या पाच वर्षांच्या मुलाबद्दल त्याच्या वडिलांनी लिहिलेली. १९४३ साली कॅनरनी ज्या अकरा मुलांवर लेख लिहिला, त्यांतला हा पहिला. अकरांत मुली तीन. हे पत्र बघून तुझ्या पोटात कालवाकालव होते, कारण तुझ्याबद्दल असं काही कुणी लिहून ठेवलेलं नाही. प्रगतिपुस्तकातला ‘हुशार आहे, परंतु वर्गात बोलत नाही’ हा शेरा, आणि लग्नाच्या पंगतीत तू टेबलाखाली जाऊन बसलीस हा मामाचा दरवर्षीचा किस्सा. एवढंच दप्तर. कॅनरच्या लिखाणातून पुढे ‘थंड आईबाप’ ही कल्पना फोफावली आणि किती तरी आया वीसेक वर्षं अपराधी ठरल्या. ती वेगळी कहाणी आहे. चल.

व्हिएन्ना, १९४१. भाच्याचा हात तुझ्या हातात. विद्यापीठाच्या बालरुग्णालयातला हा विशेष विभाग. डॉक्टर पस्तिशीचे, सभ्य, आवाज मऊ. भाचा त्यांना रेल्वेच्या सिग्नलांबद्दल सांगत सुटतो आणि ते न कंटाळता ऐकतात. खरंच ऐकतात, तोंडदेखलं नाही. मग तुला विचारतात, घरी कसा असतो? तू टेबलाच्या कडेकडे बघत, विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतेस. हान्स अ‍ॅस्पर्गर तुझ्याकडे जरा जास्त वेळ पाहतात.

त्यांचा प्रबंध १९४४ साली छापून येईल. चार मुलगे. मुलींमध्ये हे चित्र पूर्ण स्वरूपात दिसलेलं नाही, असं ते लिहितील, पण अशा काही मुलांच्या आयांच्या वागण्यात त्याच्या खुणा दिसल्या, हेही नोंदवतील. त्या प्रबंधात तुझी जागा तेवढीच. जाता जाता केलेलं निरीक्षण.

या डॉक्टरांच्या सहीचा आणखी एक कागद आहे. हेर्टा नावाच्या लहान मुलीला त्यांनी याच वर्षी जूनमध्ये ‘अम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली. मेंदूच्या आजारातून उठलेली ती मुलगी आईला झेपण्यासारखी नाही, असं त्यांचं मत. तिसऱ्या वाढदिवसानंतर दुसऱ्याच दिवशी ती वारली. नाझी राजवटीत त्या संस्थेत जवळपास आठशे मुलं मारली किंवा मरू दिली गेली. या माणसाने मुलांना वाचवलं, असं पुढे बरीच वर्षं सांगितलं गेलं. २०१८ साली हेरविग चेक या इतिहासकाराने मूळ कागद छापले तेव्हा ते चित्र टिकलं नाही. भाच्याची बुद्धी ओळखणारा आणि हेर्टाच्या कागदावर सही करणारा माणूस एकच होता, यात मला काही कोडं वाटत नाही. ‘हे मूल कसं आहे’ हा प्रश्न तिथे ‘हे मूल कामाचं आहे का’ या प्रश्नाला बांधलेलाच होता. भाचा हुशार ठरला म्हणून तू त्याला घेऊन बाहेर पडू शकतेस. पड.

आणि आता सातारा. १९७२, दुष्काळाचं वर्ष. वाड्यातल्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, रेशनवर मिलो ज्वारी. तू जिल्हा परिषदेत बारनिशीला आहेस. आलेलं प्रत्येक पत्र आवक रजिस्टरला चढवायचं, क्रमांक टाकायचा, ज्या टेबलाचं त्या टेबलाला पाठवायचं. हे काम कुणालाच नको असतं. तुला हवं असतं. मार्चमध्ये आलेला टँकरचा अर्ज कुठे आहे, असं साहेबांनी ओरडून विचारलं की तू रजिस्टर न उघडता क्रमांक सांगतेस. त्यांनी ओरडू नये एवढीच तुझी इच्छा असते. ती कधी सांगायची असते हे तुला ठाऊक नाही.

घरी संध्याकाळी पाहुणे येणार आहेत. पोह्यांत खोबरं पेरून झालंय, काकूने तिची जरीकाठाची साडी तुला नेसवलीय आणि जरीची कड मानेला करवतीसारखी टोचतेय. तू सकाळपासून मनात संवादाची तालीम करते आहेस. नाव, शिक्षण, नोकरी, स्वयंपाक येतो का, हो येतो.

‘मान वर कर गं,’ काकू दाराआडून पुटपुटते.

तू मान वर करतेस. मुलाच्या मामांच्या भुवयांच्या मधोमध बघायचं, ही युक्ती तुझी तूच शोधलेली. डोळ्यांत पाहिल्यासारखं वाटतं.

‘आवड कशाची आहे, बाळ?’

हा प्रश्न तालमीत नव्हता. म्हणून तू खरं सांगतेस. एसटीचं वेळापत्रक. कोणती गाडी कुठल्या डेपोची, कोणती कुठे थांबते, दुष्काळामुळे कोणती मुक्कामाची गाडी बंद केली आणि ती करायला नको होती का. मुलाची आई बशीतला चमचा नीट करत राहते. मुलगा मात्र थोडा पुढे सरकून ऐकतोय, त्याने एक उपप्रश्नही विचारलाय. पण त्याला कोण विचारतं?

चार दिवसांनी निरोप येतो, पत्रिका जमत नाही. आळीत त्याचं भाषांतर आधीच झालेलं असतं: मुलगी गुणी आहे हो, पण एककल्ली. घुमी. कुणाच्यात मिसळत नाही. यांतल्या एकाही शब्दाने कुणाला डॉक्टरकडे जावंसं वाटत नाही. तुलाही नाही. आपण इतरांपेक्षा वेगळ्या का, हा प्रश्न पडायला आधी तसं विचारता येतं हे माहीत असावं लागतं.

जुन्या दिवसांचे गोडवे गाणारे म्हणतात, तेव्हा कुठे होती असली लेबलं, सगळे सामावून जायचे. अर्धं खरं आहे. त्याच वाड्यात माडीवरचे तात्या रोज ठरल्या वेळी एकटे जेवतात, मधे कुणी बोललं तर ताट सोडून उठतात, आणि सगळं घर त्यांच्या घड्याळावर चालतं. तात्यांना सामावून घेणाऱ्या त्या घरात तीन बायका राबतात. तू तात्या झाली असतीस तर घड्याळ कुणी सांभाळलं असतं? तुला उद्या चौदा माणसांच्या स्वयंपाकघरात उभं राहायचंय, कुकरची शिट्टी, मुलांची रडारड, फोडणीचा ठसका, आणि प्रत्येकाच्या मनातलं न सांगता ओळखणं. ते जमलं नाही तर ‘वेडसर’ म्हणून माहेरी धाडलेल्या बायका याही आळीत आहेत. त्यांची कुठेच आवक-जावक नाही.

लंडन, १९८०. मॉड्सली रुग्णालयाचा परिसर. इथे पहिल्यांदाच तुझ्या हातात झाडू नाही, भाचा नाही, पोह्यांची बशी नाही. खुर्ची आहे आणि ती तुझ्यासाठी आहे. समोर लॉर्ना विंग. या संशोधक डॉक्टर आहेत आणि सूझी नावाच्या ऑटिस्टिक मुलीची आईसुद्धा. १९६२ साली पालकांनी मिळून जी संस्था काढली, तिच्या संस्थापकांपैकी एक. कॅम्बरवेल भागातली मुलं तपासताना त्यांच्या आणि ज्युडिथ गूल्ड यांच्या लक्षात आलं, की कॅनरच्या चौकटीत नेमकी बसणारी मुलं थोडीच, पण चौकटीच्या अवतीभवती असलेली कितीतरी. कॅनरची मुलं आणि आपली मुलं वेगळी, असं अ‍ॅस्पर्गर म्हणत. विंग म्हणत, एकाच पट्ट्यावरची. याच रुग्णालयाच्या कँटीनमध्ये चहा पिता पिता दोघांनी त्यावर वाद घातला होता आणि आपापल्या मतावर कायम राहून उठले होते.

विंग यांचा लेख १९८१ साली आला. त्यात चौतीस जणांची माहिती आहे, वयं पाच ते पस्तीस. पस्तीस! तुझं चोवीस त्यात आरामात बसतं. मोठं झाल्यावर दारात आलेल्या माणसाला त्या परत पाठवत नाहीत. त्या फक्त विचारतात, लहानपणी कशी होतीस, आणि कोण सांगू शकेल?

पुणे. मोबाइल. पन्नासावा प्रश्न. ही चाचणी केंब्रिजमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली केलेली. पार्टीपेक्षा लायब्ररी बरी का, अशा धर्तीचे प्रश्न. बत्तीस आणि वर गुण आले तर तपासून घ्यावं म्हणतात. तुझे छत्तीस येतात. तू छत्तीसकडे बघत बसतेस. बस थोडा वेळ, पण हे निदान नव्हे. सततची चिंता, एडीएचडी, जुने घाव यांनीही हा आकडा चढू शकतो. आणि रिल्समध्ये तर केसांशी चाळा करणारा प्रत्येक जण ऑटिस्टिक असतो. तिकडे फार वेळ काढू नकोस.

तुझ्या कामाचं वाक्य २०१३च्या निकषांत आहे. त्याचा आशय असा, की खुणा लहानपणापासून असायला हव्यात, पण मागण्या पेलवेनाशा होईपर्यंत त्या ठळक दिसणार नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकल्या जातील. भुवयांच्या मधोमध बघणं ही अशीच युक्ती. कॉलेजपर्यंत निभावलं आणि हिंजवडीच्या ओपन ऑफिसात सहा महिन्यांत कोसळलं, हेही त्या वाक्यात मावतं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाई सांगतात, आईला घेऊन या. २०१६च्या कायद्यातल्या एकवीस अपंगत्वांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे चाळीस बाबींची भारतीय मोजपट्टी वापरतात, पण ती मुख्यतः मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली. प्रौढ बाई म्हणून तुला बऱ्याच ठिकाणी ‘नोकरी करताय ना, मग कसला ऑटिझम?’ हे ऐकावं लागेल. या बाईंनी तसं विचारलं नाही, म्हणून तू इथे.

आई साताऱ्याहून पहिल्या गाडीने आली आहे आणि वही घेऊन आली आहे. तू फोनवर सगळं सांगितल्यापासून ती आठवून आठवून लिहीत होती. कुठल्या महिन्यात बोलायला लागलीस, कोणत्या फ्रॉकचं लेबल कापावं लागलं, शाळेच्या बँडने कोणत्या दिवशी रडवलं, तारखेनिशी. बाई विचारतात, ‘ताटात भाजी आमटीला लागली तर ही जेवायची नाही, हे तुम्हाला वेगळं नाही वाटलं?’

‘त्यात काय वेगळं?’ आई म्हणते. ‘कुणालाच नाही चालत ते.’

बाई लिहायच्या थांबतात. तू आईकडे बघतेस. ती टेबलाच्या कडेकडे बघते आहे. तिला काही विचारायचं की नाही, आणि विचारायचं तर कुणी, हे आज ठरणार नाही.

अहवालाला तीन आठवडे लागतील. हो येईल, नाही येईल, किंवा दुसरंच काही निघेल. पण काही गोष्टींना अहवालाची गरज नाही, असं बाई निघताना सांगतात. आईला स्वारगेटला सोडून आल्यावर तू मॅनेजरला मेल लिहायला घेतेस. नमस्कार-चमत्कार, हवापाणी, सगळं खोडतेस. उरतात तीन ओळी. माझी जागा पँट्रीजवळून हलवावी. मीटिंगचे विषय आदल्या दिवशी कळवावेत. तोंडी सांगितलेलं काम नंतर लेखीही मिळावं.

‘सेंड’ दाबतेस आणि जेवायला बसतेस.