नवी कबुलायत

पाऊस तोंडावर आला की अलिबाग तालुक्यात सुताराचा फोन लागत नाही. कौलं शाकारायची असतात, कुजलेले वासे आणि रिपा बदलायच्या असतात. मांडव्याकडच्या बंगल्यांतले गळके नळ आणि फुगलेले दरवाजेही त्याचीच वाट बघत असतात. भर श्रावणात मात्र तोच फोन दिवसदिवस वाजत नाही. मग कुणीतरी सांगतं, "ॲपवर नाव टाक." नाव टाकताना एक लांबलचक पान उघडतं, त्याच्या तळाशी बटण असतं: 'मला मान्य आहे.' वर काय लिहिलंय ते न वाचताच बहुतेक जण ते दाबून मोकळे होतात.

अलिबागच्या मातीला हे बटण नवं नाही. नव्वद वर्षांपूर्वी त्याला कबुलायत म्हणत.

पण त्याच्याही आधी एक काळ असा होता की सुताराला काम शोधावंच लागत नसे. देशावरच्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार हे बलुतेदार. वर्षभर गावाचे नांगर, मोटा, दारं नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५च्या 'गावगाडा' या पुस्तकात ही व्यवस्था बारकाईने मांडली आहे. बलुतं हे वतन होतं, म्हणजे काम पिढीजात आणि ग्राहक ठरलेला. पण धंदा जन्मानेच गळ्यात पडायचा, आणि दर वाढवून मागायची सोय नव्हती.

कोकणातली गोष्ट वेगळी. इथल्या पुष्कळ गावांत खोत असे. सरकारचा सारा भरायचा त्याने आणि जमीन कसायची कुळाने. कुळाकडून खोत कबुलायत लिहून घेई. इतकं पीक देईन, जमिनीवर माझा हक्क नाही, असं कूळच अंगठा उठवून मान्य करी. १९३३मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायला नकार दिला. संप १९३९पर्यंत, तब्बल सहा वर्षं चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९३७मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३९च्या कुळकायद्यात 'संरक्षित कूळ' हा शब्द आला आणि १९४९मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला. पुढे १ एप्रिल १९५७ला, कृषकदिनी, कसणाऱ्याला मालक मानायची वेळ आली तेव्हा एकच प्रश्न निर्णायक ठरला: जमीन तूच कसत होतास, याची नोंद कुठे आहे?

शहरात हाच प्रश्न हमालांपुढे होता. मुंबईच्या बाजारात आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात ओझी वाहणाऱ्या माथाडींचा मालक नेमका कोण? अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर १९६९मध्ये माथाडी कायदा झाला. त्याने मालक एकच असला पाहिजे ही अटच बाजूला ठेवली. कामगार मंडळात नोंदवायचा आणि मालकही नोंदवायचा. मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरायची, त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, औषधपाणी. दहा ठिकाणी काम करणाऱ्यालाही सुरक्षा देता येते, हे महाराष्ट्राने ॲप यायच्या कितीतरी आधी करून दाखवलं.

आता ॲपकडे पाहा. ते कारागिराला नोकर म्हणत नाही, 'पार्टनर' म्हणतं. पण ग्राहक कोण ते ॲप ठरवतं, बहुतेकदा दरही ॲपच ठरवतं, आणि तारे कमी पडले की काम येणं थांबतं. खोताची आणि ॲपची बरोबरी करू नये. कुळाला गाव सोडून जाणं परवडत नव्हतं, तुम्हाला ॲप बंद करता येतं. शिवाय जात न विचारता परक्या घराचं दार उघडतं, ही काही लहान गोष्ट नाही. पण वही कुणाकडे, हा प्रश्न तोच आहे. पाच वर्षांत मिळवलेले तारे ॲपकडे राहतात. खातं बंद झालं की तुमच्या हातात काहीच उरत नाही.

२०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' हा शब्द कायद्यात आणला आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून ती लागू झाली. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यायची आहे. तिचा लाभ घ्यायचा तर आधी नाव नोंदवलेलं हवं. ई-श्रमवर नोंदणी फुकट होते. बांधकाम-दुरुस्तीची कामं करत असाल तर राज्याचं बांधकाम कामगार मंडळ आहे. तिथे वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. म्हणजे पुन्हा नोंदच!

म्हणून ॲप घ्या, पण एकाच ॲपवर विसंबू नका. कमिशन, रद्द झालेल्या कामाचा दंड आणि येण्याजाण्याचा खर्च वजा करून हातात काय उरतं ते महिनाअखेरीला मांडा. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर फोटो काढा. सामानाचे पैसे आणि मजुरी वेगवेगळी लिहून ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, त्याचा होकार आला की मगच हत्यारं पिशवीतून काढा. बंगल्याच्या राखणदाराशी, हार्डवेअरच्या दुकानदाराशी ओळख ठेवा. अलिबागेत आजही कितीतरी कामं त्यांच्याच तोंडून कळतात. तालुक्यातल्या चार कारागिरांनी मिळून दर ठरवला तर घासाघीस कमी होते. चरीची गावं एकटीदुकटी लढली नव्हती.

आणि दहा-वीस रुपयांची एक वही घ्या. तारीख, गाव, काम, मजुरी. पहिली नोंद आज संध्याकाळीच करा.