घोडा राहिला, स्वार गेला

मुंबईत कोणत्याही टॅक्सीवाल्याला 'काळा घोडा' म्हणा, तो बरोबर नेऊन सोडेल. गंमत अशी, की १९६५ पासून २०१७ पर्यंत तिथे घोडाच नव्हता!

इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, १८७५ साली मुंबईत आला होता. त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी शहराला एक अश्वारूढ पुतळा दिला. १८७९ साली तो उभा राहिला. सरकारदरबारी तो युवराजाचा पुतळा. लोकांनी मात्र स्वार सोडून घोडा पाहिला आणि साऱ्या परिसराला त्याचेच नाव दिले.

त्याआधी १८७२ साली फोर्टात राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा बसला होता. ही बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची देणगी. १८९६ साली कोणीतरी राणीच्या शुभ्र चेहऱ्याला डांबर फासले, गळ्यात खेटरांची माळ घातली. हे आपलेच काम, असे पुढे दामोदर हरी चापेकरांनी सांगितले. रँडच्या वधासाठी १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याला ते फासावर गेले. आणि डांबर काढले कोणी? रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी. म्हणजे पुतळा देणारा आपला, काळा करणारा आपला आणि धुऊन काढणाराही आपलाच. यातल्या कोणाला एका शब्दात निकालात काढणार?

१९४७ साली राज्य गेले, पुतळे मात्र चौकातच राहिले. १९६५ साली ते हलवले गेले. ते योग्यच झाले. चौक ही मानाची जागा. तिथे कोणाला उभे करायचे, हे स्वतंत्र लोकांनीच ठरवायचे असते. पण ते फोडून समुद्रात टाकले नाहीत, भायखळ्याला नेऊन ठेवले. नाक तुटलेली राणी आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात बसली आहे. शेजारच्या जिजामाता उद्यानाला लोक अजून 'राणीची बाग' म्हणतात. पण ते म्हणताना व्हिक्टोरियापुढे कोणाची मान झुकत नाही. पोरांना आठवतो तो हत्ती आणि पेंग्विन.

मला चापेकरांच्या डांबराचे मोल कळते. त्या पुतळ्यामागे तेव्हा तोफा होत्या, तुरुंग होते, फाशीचा दोर होता. आज त्याच राणीवर दगड भिरकावायला काय लागते? ज्याच्यावर रागवायचे त्याची सत्ता कधीच मातीला मिळालेली असते, आणि दगड लागतो तो शेजारच्या जिवंत माणसाला. जुन्या नावांवरून, जुन्या कबरींवरून गावे तापतात, तेव्हा माझ्यासारख्या मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाला हमखास विचारले जाते, "तुम्ही कोणाच्या बाजूचे?" मेलेल्या बादशहांच्या बाजूने उभे राहायचे मला काय कारण? मी माझ्या गल्लीच्या बाजूचा. तिथले दुकान उद्या सकाळी उघडले पाहिजे, एवढीच माझी बाजू.

जुनी खूण विसरू नये, तिची भीतीही बाळगू नये. तिला चौकातून उचलून संग्रहालयात ठेवावे, खाली खरी हकिगत लिहावी आणि मुलांना ती वाचू द्यावी. सामान्य माणसाला हे शहाणपण शिकवावे लागत नाही. २०१७ साली काळ्या घोड्याला पुन्हा घोडा मिळाला, तेव्हा त्याच्या पाठीवर कोणी स्वार बसवला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)