व्हिला डॉईलच्या पायऱ्यांवर

बहामातल्या नासाऊच्या बंदराकडे पाठ करून तुम्ही वेस्ट हिल स्ट्रीटच्या चढाला लागता. १८६० चं दशक सुरू आहे. खाली धक्क्यावर कापसाच्या गासड्यांची रास लागलीय. पलीकडे अमेरिकेत यादवी पेटलीय. उत्तरेच्या आरमाराला चकवा देत दक्षिणेचा कापूस इथं उतरतो आणि त्याच जहाजांतून बंदुका माघारी जातात. दुसऱ्यांच्या लढाईवर गबर होणारं गाव कसं दिसतं, ते बघून घ्या.

टेकडीवर, वारा लागेल अशा जागी, बड्या लोकांची घरं. त्यातलंच हे रुंद लाकडी व्हरांड्यांचं घर, सर विल्यम डॉईल यांचं. बहामाचे सरन्यायाधीश. गुलामगिरी कायद्यानं संपून अजून एक पिढीही नीट सरलेली नाही. तुमची कातडी काळी असेल, तर पुढच्या पायऱ्यांचा विचार सोडा. मागच्या अंगानं जा, तेही काही काम असेल तरच.

पापणी लवते. १९२० चं दशक. आता घर सर वॉल्टर मूर यांचं, आणि दक्षिणेला नवा भाग जोडला गेलाय. अमेरिकेत दारूबंदी, त्यामुळे बंदरात व्हिस्कीच्या पेट्या. गावाची कमाई पुन्हा शेजाऱ्याच्या अडचणीवरच!

पुढची वर्षं भराभर उलटू द्या. १९७३ मध्ये देश स्वतंत्र होतो, पण घराचे दिवस फिरतात. दमट खारा वारा लाकडाला सोडत नाही. एक दिवस तुम्ही ओसाड व्हिलासमोर उभे असता आणि वाटतं, हे पाडणारच. पाडत नाहीत. सरकार घर ताब्यात घेतं, दुरुस्ती चालते, आणि जुलै २००३ मध्ये इथं बहामाचं राष्ट्रीय कलादालन उघडतं. भिंती पिवळ्या, कठडे पांढरे.

आता पुढच्या पायऱ्यांनी या. आत चित्रकार ब्रेंट मलोन यांचा जंकानू गवसेल: नाताळच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात निघणारी ती ढोलांची आणि गाईच्या घंटांची मिरवणूक. पण मला थांबवतात एमोस फर्ग्युसन. एक्झुमा बेटावर १९२० मध्ये जन्मलेले, पोटासाठी लोकांची घरं रंगवणारे. डॉईलसाहेबांच्या काळात असा रंगारी या घरात आला असता, तर शिडी आणि डबा घेऊन. फर्ग्युसन त्याच घररंगानं पुठ्ठ्यावर बायबलमधली माणसं, पक्षी, फुलं काढत. पत्नी बाजारात विणलेल्या वस्तू विके, तिथंच सुरुवातीला ही चित्रंही मांडलेली असत.

जवळ जा. सपाट, चकचकीत रंग, त्यावर ठिपक्यांची दाटी, आणि सही: ‘पेंट बाय मिस्टर एमोस फर्ग्युसन’. रंग किती जाड बसलाय ते बोटानं चाचपावंसं वाटतं. दालनातली राखणदार बाई डोळे वटारते, आणि तुम्ही हात खिशात घालता.