दवा आणि दुआ

आमच्या मोहल्ल्यात कोणाला ताप आला की घरचे त्याला डॉक्टरकडे नेतात. पण सून बोलेनाशी झाली, तरुण मुलगा रात्र रात्र जागू लागला, की पहिला शब्द कानी येतो तो ‘असर’. मग ताबीज, मग दर्ग्याची हाजिरी. डॉक्टरची पाळी येते ती अगदी शेवटी. मनाच्या आजारावर औषध घेणे म्हणजे ईमान कच्चे, हा समज आमच्यात खोल रुजला आहे. आमचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

बल्खचे अबू जैद अल-बल्खी (निधन ९३४) यांच्या ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ या ग्रंथाच्या नावातच शरीर आणि मन जोडीने येतात. क्रोध, भय, शोक आणि वस्वसा यांचा त्यांनी वेगवेगळा विचार केला. कारण ठाऊक असलेले दुःख निराळे आणि विनाकारण दाटणारी उदासी निराळी, हा भेदही सांगितला. पुढे कैरोत १२८४ साली उभ्या राहिलेल्या मन्सूरी बिमारिस्तानात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र विभाग होता. १४८८ साली तुर्कस्तानातील एदिर्ने येथे बांधलेल्या दारुश्शिफात संगीत आणि वाहत्या पाण्याचा आवाज हाही उपचाराचा भाग होता. हे सारे आमच्याच इतिहासात घडले.

मग आम्ही दर्ग्याकडेच का वळलो? इंग्रजी अमदानीत पागलखाने आले, १९१२ चा कायदा आला. भिंतीआड गेलेला माणूस घरापासून तुटे. दर्ग्यात मात्र आई मुलाच्या उशाशी बसू शकत होती. तिथे कागद मागत नसत, लाज वाटत नसे. ही गरज खरी होती. तिला नुसती अंधश्रद्धा म्हणून हिणवल्याने काही साधले नाही.

परंतु त्या गरजेचा बाजारही झाला. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रमाला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जीव गेले.

गुजरातेतील उनावा येथे मीरा दातार दर्ग्यात २००८ साली वेगळी वाट निघाली. सरकार आणि एका स्वयंसेवी संस्थेने तिथे ‘दवा-दुआ’ उपक्रम सुरू केला. आजाराची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण मुजावरांना दिले गेले. दुआ झाल्यावर तेच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवू लागले. मुजावरांचा शब्द घरच्यांना पटत होता, म्हणून औषध घशाखाली उतरले. श्रद्धेशी भांडण न करता उपचार घरापर्यंत नेता येतो, हे तिथे दिसले.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि सरकारी उपचाराचा हक्क दिला. तो हक्क आमच्या वस्तीत पोहोचवायचा तर इमामांनी जुम्याच्या बयानात, शिक्षिकांनी पालकसभेत, सासूने सुनेपाशी हा विषय काढला पाहिजे. आमची भाषा समजणारे, घर समजून घेणारे समुपदेशक आम्ही मागितले पाहिजेत. दुआ सोडा, असे आम्ही म्हणत नाही. दुआला उठलेल्या हातांनीच रुग्णाचा हात धरून त्याला दवाखान्यात न्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.