जुन्या गाडीचे पेट्रोल पाइप बदलताना: कुठला रबर, कुठला धातू, कुठली क्लिप?

जुनी पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा कार्बोरेटरवाली मारुती ८०० पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली की आधी डेंटिंग-पेंटिंगचा हिशोब होतो, मग टायर, मग सीट कव्हर. पेट्रोलचे पाइप मात्र "चालतायत ना, राहू द्या" म्हणून तसेच राहतात. हेच पाइप गरम सायलेन्सरच्या आणि ठिणगी पाडणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आसपास असतात. रंग खराब झाला तर गाडी वाईट दिसेल. पाइप फुटला तर गाडी जळेल, कदाचित आत माणसं असताना. म्हणून खर्चाच्या यादीत पाइप सगळ्यात वर हवेत.

आता तर आणखी एक कारण आहे, आणि ते शिरूर-दौंडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. ज्या उसाच्या जोरावर हे तालुके उभे आहेत, त्याच उसापासून इथेनॉल बनतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. २०१४ च्या सुमारास हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होतं, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं. ५ जून २०२१ ला निव्वळ इथेनॉल देणाऱ्या पंपांचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला, तोही पुण्यातच. उसाला गिऱ्हाईक मिळालं हे चांगलंच आहे. पण १९८५ च्या गाडीचा रबर बनवताना कुणी २० टक्के इथेनॉलचा विचार केलेला नव्हता.

इथेनॉल नेमकं काय करतं? जुन्या पाइपात बहुतेक वेळा साधा नायट्राइल रबर असतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये तो जास्त फुगतो, मऊ पडतो, आणि त्याला लवचिक ठेवणारी द्रव्यं हळूहळू विरघळून निघून जातात. मग गाडी दोन महिने शेडमध्ये उभी राहिली की पाइप आतून वाळतो, आकसतो आणि चिरतो. त्यामुळे रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा फक्त दसऱ्याला आणि लग्नाला बाहेर निघणाऱ्या गाडीचा पाइप जास्त धोक्याचा. वरून काळाभोर दिसतो म्हणून फसू नका. पाइप बोटांनी दुमडून बघा. दुमडल्यावर बारीक भेगा दिसल्या, किंवा कडक लागला, किंवा उलट चिकट आणि लिबलिबीत वाटला, तर तो गेलाच.

दुकानात "पेट्रोल पाइप द्या" एवढंच म्हणू नका. पाइपावर इंग्रजीत काय छापलंय ते वाचा. अमेरिकन एसएई संस्थेच्या जे३० या मानकात आर६ आणि आर७ हे कमी दाबाचे, म्हणजे कार्बोरेटरच्या गाडीचे पाइप. आर९ हा इंजेक्शनच्या गाडीचा. कार्बोरेटरला पंपाचा दाब अर्ध्या बारच्याही आत असतो, तर एमपीएफआय गाडीत साधारण तीन बार. म्हणजे दाबाच्या हिशोबाने पद्मिनीला आर७ पुरतो. तरीही आमचा सल्ला आर९ चाच. कारण दाब नाही, आतलं अस्तर. आर९ मध्ये आतून फ्लोरोइलास्टोमरचा थर असतो (बाजारात 'व्हायटॉन' म्हणतात) आणि तो इथेनॉलला दाद देत नाही. महाग पडतो, पण अख्ख्या गाडीला लागतो फार तर दोन-तीन मीटर. गावात मिळाला नाही तर पुण्याला नाना पेठेत चक्कर टाका. काहीच छापलेलं नसेल तर तो पाइप घेऊ नका. टू-व्हीलरच्या दुकानातला पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप आणि कॉम्प्रेसरचा हवेचा पाइप, दोन्ही इथे चालत नाहीत.

माप आतल्या व्यासाचं घ्यायचं. ८ मिमी आणि ५/१६ इंच जवळपास सारखेच, त्यात अडचण नाही. पण सैल पाइप चढवून क्लिप आवळत बसायचं, हा प्रकार टाळा.

टाकीपासून इंजिनपर्यंतचा लांब पाइप मुळात लोखंडी असतो. तो गंजला की काही मिस्त्री सरळ मागून पुढपर्यंत रबर ओढून देतात. काम तासाभरात होतं, पण गाडीखाली खडी उडते, कालव्याच्या रस्त्यावर दगड लागतो, रबर घासतो. धातूच्या जागी धातूच हवा. तांब्याचा पाइप हाताने वाकतो म्हणून सगळ्यांना आवडतो. पण सततच्या थरथरीने तांबं कडक होऊन तडकतं. ब्रेक लाइनला वापरतात तशी 'बंडी' स्टीलची नळी, किंवा मिळाली तर तांबं-निकेलची, जास्त टिकते. रबर चढतो त्या टोकाला बारीक उंचवटा काढून घ्या, म्हणजे पाइप निसटत नाही.

क्लिप छोटी गोष्ट, पण गळती बहुतेक तिथेच होते. पट्टीला आरपार खाचा असलेली साधी क्लिप रबरात रुतून त्याला कापते. गुळगुळीत पट्टीची, कडा वळवलेली क्लिप घ्या आणि पाइप दबेल एवढीच आवळा.

आणखी एक, जे पटकन लक्षात येत नाही. एसी पंप इंजिनवर असेल तर टाकी ते पंप हा भाग ओढणारा असतो. तिथे चीर पडली तर चालू गाडीत पेट्रोल ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते; गाडी चढावर दम तोडते आणि दोष कार्बोरेटरवर जातो. पंप ते कार्बोरेटर हा भाग दाबाचा, तिथली गळती थेट गरम इंजिनवर. डिझेल जीपमध्ये इथेनॉलचा प्रश्न नाही, पण सकाळी सेल्फ मारूनही चालू होत नसेल तर आधी हाच ओढणारा पाइप तपासा.

काम सुरू करताना बॅटरीची वायर काढा, आणि शेड बंद ठेवू नका. पाइप बसल्यावर इंजिन दहा मिनिटं चालवून प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पुन्हा. फिल्टर नवीन टाका आणि आणखी एक जवळ ठेवा, कारण इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवतं आणि पहिला फिल्टर लवकरच भरतो.