ओट्यापुढील वाफ्यातील सदाफुली

ओट्यापुढच्या चार हात वाफ्यात कोणते झुडूप लावावे, असे भगिनी नेहमी विचारतात. ते आटोपशीर राहावे आणि खानदेशच्या वैशाखात टिकावे. माझे मत सदाफुलीला.

ती आपल्या घरचीच वाटते, पण तिचे माहेर आफ्रिकेजवळचे मादागास्कर बेट. अठराव्या शतकात ती युरोपातील बागांत गेली, पुढे सर्व उष्ण देशांत पसरली. घाणेरीही अशीच परकी, अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिला शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात आणले. ती कुंपण ओलांडून रानोमाळ झाली. तिचा पाला गुरांना बाधतो. फुले कितीही रंगीत असोत, ती दारी नको!

सदाफुली दोन-तीन फुटांवर थांबते. शेळी तिला तोंड लावीत नाही, कारण तीही विषारीच. मात्र त्या विषानेच तिचा लौकिक झाला. जमेकात मधुमेहावर तिच्या पाल्याचा काढा घेत. कॅनडात तो पाला तपासला, तेव्हा साखर काही उतरेना; पण उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातूनच १९५८ साली रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध पुढे आणले. तिच्यातीलच व्हिन्क्रिस्टिन आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात, तेही डॉक्टर मोजूनमापून शिरेतून देतात. तेव्हा साखरेसाठी सकाळी तिची पाने चघळणाऱ्या भगिनींनी ते आजच थांबवावे.

आपली काळी माती पाणी धरते व मुळे कुजतात. वाफ्यात दोन घमेली वाळू मिसळावी, पावसाळ्याच्या तोंडी रोप लावावे आणि शेंडे खुडीत जावे, म्हणजे झुडूप भरगच्च होते.